वाचनालयाचं पुस्तकशोध ॲप: 'वऱ्हाडी' टाकलं की निकाल शून्य!

काळीमाती (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव. गावात सार्वजनिक वाचनालय आहे, पुस्तकं साडेसहा हजारांच्या आसपास. दाखल नोंदवहीत सगळं लिहिलेलं आहे, पण एखादं पुस्तक आहे का असं कोणी विचारलं तर ग्रंथपाल काकूंच्या डोक्यात जे असेल तेच खरं. काकू लग्नाला गेल्या की विचारायची सोय नाही. वरच्या अभ्यासिकेत पोलीस भरती आणि तलाठ्याची तयारी करणारे पोट्टे बसतात, त्यांना कपाटं धुंडाळायला वेळ नाही. म्हणून ठरवलं की मोबाइलवर नाव टाकलं की पुस्तक आहे का आणि कोणत्या कपाटात आहे, एवढं दिसलं पाहिजे. बाकी काही नको.

मी पेशाने प्रोग्रामर नाही. कृषी केंद्रात बिलिंग पाहतो, पायथन व्हिडिओ पाहून शिकलो. नोंदी गूगल शीटमध्ये भरल्या, त्यांची सीएसव्ही (साधी मजकूर-फाइल) काढून एसक्यूलाइट या लहान डेटाबेसमध्ये टाकली, शोधासाठी त्यातलीच एफटीएस५ ही सोय घेतली आणि समोर पान दाखवायला पायथनचं फ्लास्क. लॅपटॉपवर चालते, पण शोध भलताच वागते. 'वऱ्हाडी' टाकलं की काहीच येत नाही, आणि नावात वऱ्हाडी असलेली पुस्तकं शीटमध्ये डोळ्यांना दिसतात. 'मान' टाकलं की मात्र मुनी, मीना सगळे हजर.

दुसरं म्हणजे हे ठेवायचं कुठं? पैसे जवळपास नाहीत. अनुदान येते ते वर्तमानपत्रांच्या बिलात आणि काकूंच्या मानधनात जाते. गावात लाइन गेली की थोड्या वेळात टॉवरही जातो. सांगा बापा.

शेवंता

वाचतेय. वाचनखूण साठवली. आमच्याही गावात हाच प्रकार आहे.

ओवी

काळीमाती भाऊ, पहिल्या दुखण्याचं मूळ 'ऱ' मध्ये आहे. वऱ्हाड, दुसऱ्या, तऱ्हा या शब्दांतला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, आणि मग ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. बघा: वऱ्हाड, वर्‍हाड. यातलं पहिलं पहिल्या पद्धतीचं आहे, दुसरं दुसऱ्या. कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. तुमच्या शीटमध्ये ज्याने भरलं त्याचा कीबोर्ड एक, शोधणाऱ्याचा दुसरा.

खात्री करायची असेल तर पायथनमध्ये त्या शब्दाचं एकेक चिन्ह सुटं करून त्याचा यूनिकोड क्रमांक छापा. एकीकडे ०९३१ दिसेल, दुसरीकडे ०९३० आणि पुढे २००डी.

'ॲ' चीही तीच गत. तो ०९७२ हे एकच चिन्ह म्हणून येतो, किंवा 'अ' वर चंद्र देऊन. 'ऑ' पण तसाच, कोणी 'आ' वर चंद्र देतं. यूनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, लावलं की सगळं सरळ होईल असं वाटतं, पण ते फक्त र आणि खालचा नुक्ता असं सुटं आलेलं असेल तर जोडून 'ऱ' करतं. जोडक असलेल्या रूपाला आणि अ-चंद्राला ते हातही लावत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं.

उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला 'शोधकळ' नावाचा एक जादा स्तंभ द्या. शीर्षक जसं आहे तसं दाखवायला ठेवा, शोधायला मात्र शोधकळ. ती बनवणारं एकच फंक्शन लिहा आणि वाचक जे टाकेल तेही त्याच फंक्शनमधून काढा. दोन्हीकडे एकच चाळणी.

झाडीपट्टीवाला

ओवीताईंनी ऱ ची गोष्ट बरोबर सांगितली. 'मान' ची मी सांगतो, कारण साकोलीत बसून त्याच्यात मीही डोकं आपटलं आहे.

एफटीएस५ मजकुराचे शब्द पाडतो ते 'यूनिकोड६१' या टोकनायझरने. त्याला मुळात अक्षरं आणि अंक हेच शब्दाचा भाग वाटतात. आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, हलन्त, अनुस्वार यूनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीत, ती 'चिन्हं' आहेत, एमएन आणि एमसी या वर्गांतली. म्हणून तो तिथे शब्द तोडतो. तुमचा 'कापूस' त्याला क, प, स असे तीन तुकडे दिसतात. 'मान', 'मुनी', 'मीना' सगळे म आणि न. 'मान' टाकलं की बाकीचे दोघंही येणारच, त्यांचा काय दोष?

टेबल बनवताना टोकनायझरला 'कॅटेगरीज' नावाची सेटिंग देता येते. मूळच्या यादीत एमएन आणि एमसी जोडा, टेबल नव्याने बांधा, झालं. एसक्यूलाइट ३.३४ किंवा पुढचं असेल तर 'ट्रायग्राम' टोकनायझरही आहे. तो तीन-तीन चिन्हांचे तुकडे करतो, म्हणून शब्दाच्या मधलाही भाग सापडते. पण शोध तीन चिन्हांपेक्षा लहान असला की त्याला काहीच सापडत नाही. 'मन' सारखा शब्द दोनच चिन्हांचा असतो, तेव्हा तो तुमच्या कामाचा नाही.

काळीमाती

अरे वा! एमएन-एमसी जोडलं आणि मुनी-मीना गेले. ऱ ला सरळ र करून टाकलं दोन्हीकडे, जोडक उडवला. वऱ्हाडी सापडलं. काकू खूश. आता म्हणतात 'बालवाङ्मय' टाकून पाहा. टाकलं तर निम्मीच येतात, कारण भरणाऱ्या पोट्ट्यांनी वाङ्मय, वाङमय, वांग्मय असं मनाला येईल तसं लिहिलं आहे.

जुना ग्रंथपाल

नमस्कार. वर्धा जिल्ह्यात ग्रंथालयात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. कॉम्प्युटरचं तुम्ही तरुण मंडळी पाहाच, मी नोंदींबद्दल बोलतो, कारण मला वाटतं अर्धं दुखणं तिथे आहे.

तुमच्या वाचनालयात जुनी पुस्तकं असणारच. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले. त्याआधीच्या मुखपृष्ठांवर 'कवि', 'नांव', 'कांहीं', 'पुढें' असंच छापलेलं असतं. नोंदवहीत लिहिताना मुखपृष्ठावर आहे तसंच लिहायचं ही आमची शिस्त, आणि ती बरोबरच आहे. पण आजचा मुलगा 'कवी' असंच टाकणार. तेव्हा ओवीताईंच्या त्या शोधकळीत ऱ्हस्व-दीर्घ एकच करा. परसवर्णही एक करा: ग्रन्थ-ग्रंथ, सन्त-संत, पण्डित-पंडित.

दुसरं, लेखकांची नावं. कोणी 'वि. भि. कोलते' लिहितं, कोणी 'वि.भि.कोलते', कोणी 'कोलते, विष्णु भिकाजी', आणि मागे डॉ. लावलं की आणखी एक. टिंबं, स्वल्पविराम, मोकळ्या जागा, डॉ., प्रा., कै. हे सगळं शोधकळीतून काढा. 'ग. त्र्यं. माडखोलकर' तर मोबाइलवर कोणी नीट टाकूच शकत नाही. आडनावावर सापडलं पाहिजे.

आणि टोपणनावं. आपल्या मूर्तिजापूरचे कवी अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे. नागपूरचे ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. एका पुस्तकावर टोपणनाव, दुसऱ्यावर खरं नाव असं झालं की वाचकाला वाटतं दोन माणसं आहेत. 'इतर नावे' असा एक स्तंभ ठेवा, हाताने भरा. हे कोणतंही फंक्शन तुमच्यासाठी करणार नाही.

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. तुमचा खटाटोप त्या नियमाला धरून आहे, म्हणून एवढं लिहिलं.

रामटेककर

छान चाललंय, पण थोडं मोठं बघा ना. एक लहान व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर घ्या, पुढे वेब सर्व्हर एनजिनएक्स, मागे पायथन चालवायला गनिकॉर्न, डेटाबेस पोस्टग्रेस, आणि शोधासाठी इलॅस्टिकसर्च. देवनागरीसाठी आयसीयूचं प्लगइन आहे, शब्द तोडण्याची कटकटच नाही. उद्या तालुक्यातली सगळी वाचनालयं जोडायची म्हटली तर तयारी हवी.

झाडीपट्टीवाला

रामटेककर, ढगाच्या हाती निरोप पाठवायची तुमच्या गावाची खोड जुनीच आहे, पण साडेसहा हजार पुस्तकांसाठी इलॅस्टिकसर्च? त्याला स्वतःच्या जावा मशीनलाच एक-दोन जीबी मेमरी लागते. त्या व्हीपीएसचं दर महिन्याचं बिल कोणाच्या कार्डावरून जाणार? भाऊचं लग्न झालं, बाहेरगावी नोकरी लागली, की मग अपडेट कोण मारणार? गावातली अशी कामं सॉफ्टवेअरअभावी मरत नाहीत, पासवर्ड माहीत असलेला माणूस गेला की मरतात.

काळीमाती भाऊ, फुकट होस्टिंगवर फ्लास्क टाकायचा विचार असेल तर दोन गोष्टी पाहून घ्या. अशा ठिकाणी थोडा वेळ कोणी आलं नाही की ॲप झोपी जाते आणि पुढच्या माणसाला पान उघडायला ताटकळावं लागते. आणि बऱ्याच ठिकाणी डिस्क कायमची नसते. ॲप पुन्हा चढवलं की एसक्यूलाइटच्या फाइलीत नंतर टाकलेल्या नोंदी साफ.

ओवी

मी तर म्हणते सर्व्हरच नको.

हिशेब करू. एका पुस्तकाची नोंद शंभर चिन्हांची धरा. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणजे नोंद तीनशे बाइटची. साडेसहा हजार नोंदी म्हणजे दोन एमबीच्या आत, आणि वेब सर्व्हर ती दाबून पाठवतो तेव्हा त्याहून बरीच कमी. व्हॉट्सॲपवर सकाळी येणाऱ्या सुप्रभातच्या व्हिडिओपेक्षा तुमचं अख्खं वाचनालय लहान आहे. ते एकदा मोबाइलवर उतरवून घ्या आणि शोध तिथेच, ब्राउझरमध्ये, जावास्क्रिप्टने करा. इतक्या ओळी एकामागून एक चाळायला साध्या फोनलाही काही लागत नाही. एफटीएस५ पण नको, टोकनायझर पण नको.

म्हणजे चढवायच्या फाइली तीन: एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, आणि पुस्तकांची जेसन, म्हणजे नोंदींची फाइल. गिटहब पेजेसवर हे फुकट राहतं, एचटीटीपीएस आपोआप मिळतं, बिल नाही, झोपणं नाही. सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे चालणारी लहान स्क्रिप्ट) जोडला की एकदा उघडलेलं पान नेटशिवायही चालतं. तुमचा टॉवर गेला तरी शोध चालू. फक्त सर्व्हिस वर्करला 'आधी नेटवर बघ, नाही मिळालं तर साठवलेलं दे' असं सांगा. उलटं केलंत तर लोकांच्या फोनमध्ये जुनी यादीच चिकटून राहील आणि काकूंना शिव्या बसतील.

रामटेककर

मान्य. या आकाराला स्टॅटिक, म्हणजे नुसत्या फाइलीच योग्य. तालुका जोडायचा झाला तेव्हा बघू. पण पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय हे कसं दाखवणार? ते तर दर तासाला बदलतं.

काळीमाती

तेच विचारणार होतो. शीटमध्ये 'कोणाकडे' असा रकाना आहे, त्यात वाचकाचं नाव आणि तारीख. तोच जेसनमध्ये टाकू का?

जुना ग्रंथपाल

मुळीच नाही! कोण काय वाचतो हे वाचनालयाने चारचौघांत सांगायचं नसतं. गावात तर अजिबात नाही. कोणाच्या सुनेने कोणतं पुस्तक नेलं याची चर्चा पारावर व्हायला एक दिवस पुरतो. बाहेर जाणाऱ्या फाइलीत फक्त 'आत' किंवा 'बाहेर' एवढंच असू द्या.

ओवी

सरांशी शंभर टक्के सहमत. आणि नुसतं पानावर न दाखवणं पुरेसं नाही. जेसन फाइल कोणीही उघडून वाचू शकतं, गिटहबवर रिपॉझिटरी (फाइलींचा साठा) सार्वजनिक असली तर जुन्या आवृत्त्याही दिसतात. शीट 'वेबवर प्रकाशित' करताना पण जपा. वाचकांच्या नोंदी वेगळ्या शीटमध्येच ठेवा आणि प्रकाशित होणाऱ्या शीटमध्ये तो रकाना नसूच द्या.

आत-बाहेर रोज रात्री एकदा अद्ययावत झालं तरी पुरे. गिटहब ॲक्शन्समध्ये वेळापत्रक लावता येतं, ते शीटची सीएसव्ही ओढून जेसन बनवेल. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत द्यावी लागते, तेव्हा रात्री अकराला चालवायचं तर १७:३० लिहा. आणि सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर ते वेळापत्रक आपोआप बंद पडतं. सोयाबीन-कापसाच्या हंगामात तिकडे कोणी फिरकलं नाही तर हे होऊ शकतं, लक्षात असू द्या.

वैनगंगा

उशिरा आले धाग्यावर. गडचिरोलीकडे शिक्षिका आहे. आमची मुलं मोबाइलवर मराठी टाकतच नाहीत, सगळं रोमन लिपीत टाकतात. त्यांना 'ग्रामगीता' हवी असेल तर इंग्रजी अक्षरांत लिहितात, कोणी गी ला डबल ई लावतं, कोणी आय. त्यांचं काय?

आणि 'ग्राम गीता' असं तोडून लिहिणारेही खूप.

झाडीपट्टीवाला

तोडून लिहिण्याची सोय शोधकळीत मोकळी जागा काढल्याने होतेच, ताई. रोमनसाठी मी एक गावठी उपाय केला आहे. शीर्षकातल्या व्यंजनांना रोमन अक्षरं देऊन दुसरी कळ बनवा, तिच्यातले स्वर सगळे काढून टाका. वाचकाने रोमनमध्ये टाकलं की त्यातलेही स्वर काढा. ग्रामगीतेचा उरतो ग-र-म-ग-त, मग डबल ई लावा की आय. श-ष एक करा, व साठी व्ही आणि डब्ल्यू एक करा, झ साठी झेड आणि जेएच एक करा. फालतू निकाल येतात, पण हवं ते त्यात असते.

काळीमाती

मग त्याच न्यायाने ण-न आणि ळ-ल पण एक करू का? आमच्याकडे म्हातारे 'डोया' म्हणतात, 'पानी' म्हणतात, अन् तसंच टाकतात. रिद्धपूर आमच्याच जिल्ह्यात, तर 'लीळाचरित्र' विचारणारे येतात. कोणी लिळा टाकते, कोणी लीला.

जुना ग्रंथपाल

एवढी सैल चाळणी मला रुचत नाही. 'दिन' आणि 'दीन' एक झाले, आता 'बाळ' आणि 'बाल' पण एकच म्हणायचे?

ओवी

सर, दोन थर करू. आधी कडक कळीवर जुळलेले निकाल वर दाखवायचे. सैल कळीवर जुळलेले त्याखाली, 'हेही असू शकेल' म्हणून. ण-न, ळ-ल आणि अनुस्वार पूर्ण काढणं हे फक्त सैल थरात. ळ चा य मात्र नको, त्याने फार गोंधळ होतो. 'डोया' टाकणाऱ्यासाठी ते एक-दोन शब्द हाताने जोडा. इतक्या पुस्तकांत दहा निकाल जास्त आले तर वाचक नजरेनेच निवडतो. शून्य आलं तर तो फोन खिशात घालून घरी जातो, आणि पुस्तक कपाटातच राहतं.

जुना ग्रंथपाल

बरं, थर असतील तर माझी हरकत नाही. जाता जाता आणखी दोन: दाखल क्रमांक प्रत्येक प्रतीचा वेगळा असतो, तेव्हा एका पुस्तकाच्या चार प्रती असल्या तर चार ओळी न दाखवता एकीतच 'प्रती ४, आत २' असं दाखवा. आणि निर्लेखित, म्हणजे नोंदीतून कमी केलेल्या पुस्तकाचा क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीही देऊ नका, कॉम्प्युटर मागत असला तरी.

शेवंता

अवांतर: आमच्या वाचनालयात जुनी यादी टंकलेली आहे, पण उघडली की नुसती चित्रविचित्र इंग्रजी चिन्हं दिसतात. ती वापरता येईल का? की पुस्तकांवरचा आयएसबीएन क्रमांक स्कॅन करून सगळं नव्याने भरू?

झाडीपट्टीवाला

ती जुन्या फॉन्टातली यादी असणार, श्रीलिपी किंवा कृतिदेव वगैरे. त्यात खरी इंग्रजी चिन्हंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा वेश देतो. फॉन्टचं नाव शोधा, त्याचा यूनिकोड परिवर्तक मिळतो. परिवर्तन झाल्यावर पहिली वेलांटी आणि रफार नीट तपासा, कारण जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर. कच्च्या परिवर्तकात 'किती' चं भलतंच होते.

आयएसबीएनवर फार विसंबू नका. नव्या पुस्तकांना चालतो. २००७ पासून तो तेरा अंकी झाला, त्याआधी दहा अंकी होता, आणि दहाचा तेरा करताना मागचा तपासणी अंक बदलते, नुसतं पुढे ९७८ लावून भागत नाही. पण गावच्या वाचनालयातल्या जुन्या मराठी पुस्तकांवर तो क्रमांकच नसतो. ती हातानेच भरावी लागतात.

रामटेककर

देवघेवही कॉम्प्युटरवर आणायची असेल तर कोहा बघून ठेवा. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, २००० पासून वापरात आहे. आपल्या एनआयसी या सरकारी संस्थेचं ई-ग्रंथालयही आहे. पण झाडीपट्टीवाले म्हणतात तसं, सांभाळणारा माणूस आधी हवा. नुसत्या शोधासाठी नको, हे मलाही पटलं आता.

काळीमाती

मंडळी, चढवलं. फ्लास्क काढून टाकलं, तीन फाइली. क्यूआर कोड छापून अभ्यासिकेच्या दाराला आणि ग्रामपंचायतीच्या फलकाजवळ लावला. काकूंनी स्वतः 'वाङ्मय' तीन तऱ्हांनी टाकून पाहिलं आणि मग परवानगी दिली. दोन थर केले, रोमनची कळ टाकली. टोपणनावांचं काम काकू हाताने करत आहेत, 'अ' संपला.

एक राहिलं: 'मोबाइलच्या होम स्क्रीनवर जोडा' हे काही फोनांत येत नाही.

ओवी

मॅनिफेस्ट फाइलीत (ॲपचं नाव-चित्र सांगणारी फाइल) आयकॉन दिलाय का? १९२ आणि ५१२ पिक्सेलचे दोन द्या. तेवढं असलं की क्रोममध्ये येईल. आयफोनवर शेअरच्या बटनातून हाताने जोडावं लागतं.

वैनगंगा

काळीमाती दादा, शीटचे रकाने सांगता का? तेच घेऊन आमच्या शाळेच्या पेटीवाचनालयाचं करते.

काळीमाती

हो ताई. दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, इतर नावे, विषय, प्रकाशक, वर्ष, कपाट, खण, आत/बाहेर. शोधकळी शीटमध्ये ठेवू नका, त्या स्क्रिप्टच बनवते. शाळेच्या पेटीला कपाट-खण लागणार नाही, त्याऐवजी पेटी क्रमांक ठेवा. कोड व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.